दादांनी तिफण सोडली तेव्हा

माझी शाळेतली जन्मतारीख १ जून १९५६. खरी तारीख आईलाही सांगता यायची नाही. पोळ्याच्या मागंपुढं, झड लागलेली होती, एवढंच तिला आठवायचं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि त्या वर्षी माझ्याबरोबर बसलेल्या बहुतेक पोरांची तीच लिहिली. मराठवाड्यात माझ्या वयाच्या माणसांची सेवापुस्तकं चाळली तर ही तारीख पुन्हा पुन्हा भेटते. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून आमच्याकडं ३१ मे हा निरोपाचा दिवस. माझाही तोच होता, २०१४ सालचा. माझ्या बरोबरीचे दोघं त्याच दिवशी निघाले. एकाच मांडवात तिघांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणांत सगळ्यांनी आम्हाला आता आराम करा असं सांगितलं.

आराम कसा करायचा असतो हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या घरात तो कुणी केलेलाच नव्हता.

मी कालवा निरीक्षक होतो. विष्णुपुरी प्रकल्पावर ऐंशीच्या दशकात रोजंदारीवर लागलो, तेव्हा गोदावरीवरचा बंधारा उभा राहत होता. सलग पाच वर्षं भरल्यावर कालेलकर करारानं आस्थापनेवर आलो, मोजणीदार झालो आणि पुढं निरीक्षक. हा प्रकल्प उपशाचा. नदी खाली आणि शेती वर, त्यामुळं पाणी आपसूक कालव्यात उतरत नाही. ते पंपानं उचलायचं, वरच्या कालव्यात टाकायचं आणि मग नांदेड, लोहा, कंधारकडच्या शिवारात न्यायचं. वीज गेली आणि पंप थांबला की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागायचा आणि त्याचा फोन मला यायचा.

रब्बीच्या तोंडावर नमुना सातचे पाणी अर्ज घ्यायचे, थकबाकी काढायची, पाळीपत्रक तयार करायचं. आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री मोटारसायकलवर चाऱ्या पालथ्या घालायच्या. आधी टेलला पाणी, मग वर सरकत हेडला, असा नियम. आपल्या बांधावरून पाणी पुढं चाललंय, हरभरा माना टाकतोय आणि तरी दार उघडायचं नाही, हे वरच्या शेतकऱ्याला पटवणं सोपं नसतं. खोरी उगारलेली मी पाहिली आहेत. दोन भावांनी एकाच चारीवर एकमेकांची डोकी फोडलेलीही पाहिली आहेत. त्या नोकरीत कळलं ते असं की माणसाला पाणी थोडं मिळालं तरी तो सोसतो, पण कधी मिळणार हे कळलं नाही तर त्याची झोप उडते. म्हणून मी तारीख नक्की सांगायचो आणि सांगितलेली पाळायला धडपडायचो. माझ्या शब्दावर माणसं पेरणीचं ठरवायची. याची सवय लागते, आणि ती साधी सवय नसते.

पावसाळ्यात वेगळं काम. पूर्णा फुगली, वरून येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी सुटलं, की ते कंठेश्वरला गोदावरीत येणार आणि तिथून विष्णुपुरीला किती वेळात पोचणार याचा हिशेब आम्ही करत बसायचो. बंधाऱ्याचे दरवाजे उघडायचे म्हणजे खाली नांदेडच्या घाटांपर्यंत आणि नदीकाठच्या वस्त्यांपर्यंत निरोप जायला हवा. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीनं नांदेडला वेढलं होतं, तेव्हा आम्ही घरी किती दिवस गेलो नाही ते आठवत नाही. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापून येणारी गोष्ट आम्हाला आदल्या रात्रीच ठाऊक असायची.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात किती दरवाजे उघडले हे मला पेपरात वाचून कळलं. बंधारा माझ्या घरापासून फार लांब नाही. पेपर हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो.

पहिलं वर्ष वाईट गेलं, हे स्पष्टच लिहितो. मध्यरात्री जाग यायची आणि पंप बंद पडला असं वाटायचं. दहा वाजता अंगावर इस्त्रीचे कपडे चढायचे आणि जायला जागा नसायची. घरच्यांशी बोलताना आवाज उगाच चढायचा. मला कसला आजार झाला नव्हता, पैशाची चणचण नव्हती, पोरं मार्गी लागली होती. तरी दुपारी चार वाजता जो काळोख मनात उतरायचा तो कुणाला सांगता यायचा नाही, कारण लोकांच्या दृष्टीनं मी नशीबवान होतो.

फोन मात्र येत होते. रब्बी आली तशी शेतकऱ्यांनी सवयीनं मलाच विचारायला सुरुवात केली. "सायब, पाणी कधी सुटायलंय?" मी जुन्या कार्यालयात फोन लावायचो, विचारायचो, उलट कळवायचो. त्या दिवसांत तेवढा एक तास मला जिवंत वाटायचं. नवीन निरीक्षक तरुण होता, माझा मान ठेवून सगळं सांगायचा. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की शेतकरी त्याला विचारतच नाहीत. त्यानं सांगितलेली तारीखही माझ्याकडून खरी करून घेतात. म्हणजे मी तिथं नव्हतो आणि त्याला तिथं उभंही राहू देत नव्हतो.

याच सुमारास मला दादा फार आठवायला लागले.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावी कोरडवाहू जमीन, एक विहीर आणि आखाड्यावर बैलजोडी, एवढ्यावर त्यांचं आयुष्य गेलं. रझाकाराच्या दिवसांत ते विशीतले होते. शाळा पाहिलेली नव्हती. त्यांना ३१ मे कुणी लिहून दिला नव्हता. शेतकऱ्याला कुठली तारीख? पण आज मागं वळून पाहतो तेव्हा वाटतं, ते आमच्यापेक्षा कितीतरी शहाणपणानं निवृत्त झाले. त्यांना त्यासाठी वीसेक वर्षं लागली आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी नांगर सोडला. साठीच्या आत-बाहेर असतील. उन्हाळ्यात नांगरटीला थोरला भाऊ जायला लागला आणि दादा बांधावर बसून पाहायला लागले. त्या एका वर्षी त्यांनी तासाची खोली, बैलांचा दम, कुठं खडक लागतो, कुठं हरळी माजते, सगळं त्याला जागेवर दाखवलं. पुढच्या उन्हाळ्यात नांगर चालू असताना ते मुद्दाम त्या बाजूला फिरकले नाहीत. आखाड्यावर बसून वैरण सारखी करत राहिले. आईनं विचारलं तर म्हणाले, "मी गेलो तर तो माझ्याकडं बघंल. तासाकडं बघायचा न्हाई."

मग काही वर्षांनी तिफण. पेरणीत चाड्यावर मूठ धरणं हे कसबाचं काम. बी सारखं सुटलं पाहिजे, बैल थबकले तरी एका जागी ढीग पडता कामा नये, ओल कमी असेल तिथं हात आवळायचा. पंचक्रोशीत दादांची मूठ नावाजलेली होती आणि लोक पेरणीला त्यांना बोलवायचे. नांगर सोडताना त्यांना काही वाटलं नसावं. तिफण सोडताना वाटलं. मृग निघाला, वाफसा आला, भावानं बैल जुंपले आणि दादांनी चाडं वहिनीच्या हातात दिलं. त्या पेरणीत दिवसभर ते तिफणीमागून चालले, एक शब्द न बोलता. संध्याकाळी एवढंच म्हणाले की चांगलं पेरलं. पुढच्या मृगाला पेरणीच्या दिवशी ते उठून बाजाराला गेले.

नंतर खळ्यावरची उधळणी गेली, रात्रीची जागल गेली, मोटेच्या जागी इंजन आणि इंजनाच्या जागी मोटार आली तसं पाण्याचं दारं धरणंही गेलं. प्रत्येक वेळी रीत तीच. एक हंगाम बरोबर राहायचं, दुसऱ्या हंगामात त्या बाजूला जायचं नाही. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या हातात दुसरं, आधीपेक्षा हलकं काहीतरी उरलेलं असायचं. शेवटी अंबाडीचे दोर राहिले. अंबाडी भिजवायची, सोलायची, वाख काढायचा आणि दावी, कासरे, चऱ्हाटं वळायची. गावातली माणसं मोडलेलं दावं घेऊन त्यांच्याकडं यायची, बसायची, बोलायची. नजर अधू झाल्यावरही बोटं वळत होती. ते गेले त्या वर्षी वेळ अमावस्येला आखाड्यावर कडब्याची कोप बांधायची तर दोर त्यांनीच वळलेले होते.

मी नोकरीवरून सुटीला गेलो की हे सगळं पाहायचो, पण पाहिलेलं कळायला मला स्वतःला निवृत्त व्हावं लागलं. आम्हा नोकरदारांची अडचण अशी आहे की आमच्या हातातली सगळी कामं एका संध्याकाळी काढून घेतली जातात. एकतीस मेला मी पन्नास गावांच्या पाण्याचा हिशेब सांभाळणारा माणूस आणि एक जूनला कुणीच नाही. शरीर तेच, डोकं तेच. सरकारला दुसरं काही करता येण्यासारखं नाही हे मान्य आहे. तरुणांना जागा मिळाली पाहिजे. पण उरलेलं काम आपलं आपण करायचं असतं. कामं टप्प्याटप्प्यानं सोडायची आणि हातात काहीतरी हलकं धरत जायचं. हे आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नाही.

मग मी त्या रब्बीपुरतं ठरवलं. माझ्या खासगी वह्या होत्या. कुठली चारी कुठं फुटते, कुठल्या दाराचा पत्रा झिजलाय, कुणाच्या भाऊबंदकीमुळं कुठं भांडण पेटतं, कुणी थकबाकी बुडवतो आणि कुणाची खरंच अडचण असते. त्या घेऊन मी त्या तरुणाबरोबर हंगामभर हिंडलो. पुढच्या वर्षी फोन आले तेव्हा त्याचा नंबर दिला आणि तो सांगेल तीच तारीख खरी, असं सांगितलं. दोघा-तिघांना राग आला. एकानं "सायब, तुमी लइ बदलले" असं म्हटलं. त्या वर्षी आवर्तनाच्या दिवसांत मी आणि बायको माहूरला जाऊन राहिलो. जाताना गाडीत माझं मन कालव्यावरच होतं, पण गेलो.

त्याच तरुणानं एकदा मला विचारलं होतं, "काका, तुम्हाला निदान पेन्शन आहे. आमचं काय?" १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना राज्यात जुनी पेन्शन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर कर्मचारी संपावर गेले, तेव्हा तोही होता. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. माझं म्हातारपण ज्या आधारावर उभं आहे तो त्याला मिळणार नाही, ही गोष्ट मला खुपते.

घरात काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण निवृत्तीच्या गोष्टीत पुरुष घरातल्या बाईला विसरतात. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत घर तिनं चालवलं आणि त्यात तिनं स्वतःचे काही तास मिळवले होते. दुपारी शेजारच्या बायका यायच्या, गुरुवारी भजन, कधी वाकळ शिवायला चौघी जमायच्या. मी घरी बसायला लागल्यावर त्या बायका यायच्या बंद झाल्या. तिनं तक्रार केली नाही. एका दुपारी चहा ठेवता ठेवता फक्त सांगितलं, "तुम्ही दुपारचं कुठंतरी जात जा. घराला पण सुटी लागते." त्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो, लग्नानंतर प्रथमच इतकं सविस्तर. तिच्या कामाला अठ्ठावन्न वर्षांची मर्यादा नव्हती, उपदान नव्हतं, रजा नव्हती. आता सकाळचा चहा, भाजी आणणं-निवडणं, संध्याकाळचा कुकर माझ्याकडं आहे. तिनंही दादांसारखंच केलं. एक महिना स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी राहिली आणि नंतर त्या वेळेला देवळात जायला लागली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती एकटी कंधारला बहिणीकडं जाऊन येते. तिच्या चेहऱ्यावर तिकडून येताना जो टवटवीतपणा असतो तो मी आधी पाहिलेला नव्हता.

२०१६ चा उन्हाळा माझ्यासाठी वळणाचा ठरला. मुलगी लातूरला दिलेली. मांजरा धरण कोरडं पडलेलं, शहराला नळाचं पाणी बंद, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आलेली. मुलीचं लेकरू लहान होतं, म्हणून आम्ही दोघं मदतीला गेलो. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर धावून मांजरेच्या माणसांना प्यायला. अख्ख्या देशानं ती बातमी पाहिली. आमच्या गल्लीत मात्र दिवस टँकरच्या भोंग्यावर चालायचा. मुलगी-जावई कामावर जायचे, मग घागरी आणि कॅन घेऊन रांगेत मी उभा राहायचो.

आयुष्यभर पाळ्या लावल्या आणि तिथं पाळीत उभा होतो. रांगेची व्यवस्था एक विशी-बाविशीची मुलगी पाहायची. हातात वही, कानाला पेन, आवाज खणखणीत. "आजोबा, तुमचा नंबर त्या मावशींच्या मागं. कॅन पुढं सरकवू नका." मी सरकवला नाही. ती कुणाला जास्त देत नव्हती, कुणाला कमी देत नव्हती. आजारी घरांची नावं तिनं वेगळी लिहून ठेवली होती. मी कोण होतो हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. उलट त्या उन्हात, घामानं भिजलेल्या माणसांमध्ये, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला हलकं वाटलं. पाणी वाटायला माणूस होता आणि तो चांगला होता, एवढं पुरेसं होतं. मला तिथं फक्त दोन घागरी घरी न्यायच्या होत्या, आणि त्या घरात कुणीतरी वाट पाहत होतं. पद गेल्याचं दुःख माझ्यातून त्या रांगेत गेलं. परत आल्यावर बायकोनंच ते आधी ओळखलं.

मी राहतो त्या विष्णुपुरीत म्हाताऱ्या माणसांच्या दोन बैठका आहेत. एक विद्यापीठाच्या बाजूला सकाळी फिरायला येणाऱ्यांची. अभियांत्रिकी महाविद्यालय इथं १९८१ साली आलं, विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेऊन. पुढं सरकारी दवाखाना आणि वैद्यकीय महाविद्यालयही इकडं आलं. त्यामुळं निवृत्त प्राध्यापक, अभियंते, परिचारिका, फौजदार असे पुष्कळ लोक आसपास घरं बांधून राहिले. दुसरी बैठक गावातल्या पारावरची. तिथं शेतकरी, मजूर, गवंडी, एसटीतून निवृत्त झालेला एक वाहक. पहिल्या बैठकीत महागाई भत्त्याचा हप्ता आणि रक्तातल्या साखरेचे आकडे चालतात. दुसरीत पाऊस, भाव आणि कुणाच्या पोराचं लग्न जमत नाही ते. मी कितीतरी दिवस फक्त पहिल्या बैठकीत होतो. तिथली माणसं चांगली आहेत, पण आम्ही एकमेकांना अजून हुद्द्यानंच हाक मारतो आणि त्यात पुढं सरकायला वाव राहत नाही.

पारावर गेलो तो नोव्हेंबरमुळं. दर नोव्हेंबरात आम्हा निवृत्तांना बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करावी लागते. त्या दिवशी बँकेत आमच्या गावची एक म्हातारी ताटकळत उभी होती. तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळायचे, पण यंत्र तिचा अंगठा घेत नव्हतं. उभं आयुष्य निंदणी-खुरपणी आणि कापूस वेचण्यात गेलेलं, बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या. तिनं पदरानं बोट पुसलं, तोंडाच्या वाफेनं ओलं केलं, पुन्हा ठेवलं. यंत्र नाहीच म्हणालं. मला म्हणाली, "दादा, मी जित्ती हाय की. ह्या डब्ब्याला सांगा बरं."

तिच्याबरोबर मी आधार केंद्रात गेलो, मग तहसीलला. डोळ्यांची नोंद करून घ्यायला सांगितलं, अर्ज लिहून दिला. काम व्हायला वेळ लागला, पण झालं. त्यानंतर पारावरचे एकेक यायला लागले. कुणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाच्या नावात एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, कुणाचं वय कागदावर पासष्टच भरत नाही, डोळ्यांत फूल पडलंय तरी. एसटीचा वाहक भविष्य निधीच्या पेन्शनवर आहे, २०१४ पासून तिची किमान रक्कम हजार रुपये. त्याला थोडी जास्त मिळते, तरी महिन्याच्या औषधांना ती पुरत नाही. श्रावणबाळचे हजाराचे दीड हजार २०२३ मध्ये झाले. माझ्या पेन्शनशेजारी हे आकडे ठेवले की मान खाली जाते. त्या म्हातारीनं माझ्यापेक्षा कमी काम केलं असं कोण म्हणेल? देशात बहुतेक म्हातारी माणसं अशीच आहेत आणि निवृत्तीच्या गप्पा आम्ही मूठभर मारतो.

हे फॉर्म भरणं म्हणजे माझी अंबाडी. तिच्यावर माझी दुपार चालते आणि बायकोची दुपार मोकळी राहते.

या कामात एक माणूस भेटला त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कालव्याच्या टेलचा शेतकरी. नोकरीत असताना माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेला, पाण्याच्या एका तासासाठी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेलेला. ताठ माणूस. पारावर आला तेव्हा धोतर मळकं, आवाज खाली. जमीन दोन्ही पोरांना बक्षीसपत्रानं देऊन टाकली होती. आता जेवण महिन्या-महिन्यानं वाटून घेतलेलं, आणि महिना एकतिसाचा असला की शेवटच्या दिवसावरून दोन घरांत कुरबूर. मी त्याला आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा समजावला. प्रांताकडं अर्ज करता येतो, वकील लागत नाही, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन दिलेली असेल तर ते बक्षीसपत्रही रद्द होऊ शकतं. त्यानं सगळं नीट ऐकलं, पाण्याच्या नियमासारखे दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाला, "अट लिवलीच न्हाई सायब. बापानं पोराला जमीन देताना अट लिवायची आसती व्हय?" निर्वाहाचा अर्ज मी लिहून तयार ठेवला होता. त्यानं अंगठा केला नाही. दुसऱ्या वर्षी तो गेला. दोन्ही पोरांनी तेराव्याला गावजेवण घातलं. मी गेलो होतो, पण माझ्याच्यानं पानावर बसवलं नाही.

पैशाच्या बाबतीत मी जे ठरवलं ते याच्यानंतर. निवृत्त झाल्यावर अंशराशीकरणाचे आणि उपदानाचे पैसे एकदम हातात येतात तेव्हा नातेवाइकांना फार आठवण येते, आणि आपल्यालाही पोरांसाठी सगळं उधळावंसं वाटतं. त्या पैशातला मोठा भाग मुलाच्या पुण्यातल्या घराला दिला, त्याचा मला आनंदच आहे. पण गावची जमीन आणि इथलं घर आमच्या दोघांच्या नावावर आहे. दादांनी एकेक काम सोडलं, पण सातबारा शेवटपर्यंत स्वतःकडं ठेवला होता. तेव्हा आम्हा भावांना ते थोडं लागलं होतं. आज त्यांचं बरोबर वाटतं. काम सोडायचं असतं, म्हातारपणी उभं राहायची जागा सोडायची नसते.

शरीराचं सांगायचं तर दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. डावा कान कमी ऐकतो, गुडघे जिन्यावर बोलतात. साठीत म्हातारपण दूरचं वाटत होतं, सत्तरीच्या उंबऱ्यावर ते घरात येऊन बसलंय. सकाळच्या बैठकीतल्या जागा रिकाम्या होत चालल्या आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिघं गेले आणि त्यांतल्या एकालाही खांदा देता आला नाही, ते मनातून जात नाही. मरणाची भीती वाटते का असं विचारलं तर फारशी नाही. अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हातात पडण्याची वाटते. दादा तसे पडले नाहीत, पण आई तीन वर्षं पडून होती आणि वहिनीनं जे केलं ते मला ठाऊक आहे. याबद्दल आमच्या पिढीनं घरात आधी बोललं पाहिजे, पडल्यावर नव्हे. आम्ही मुलांशी बोललो. कुठल्या उपचारापर्यंत जायचं, कुठं थांबायचं, हेही बोललो. मुलगी रडली, मुलगा उठून बाहेर गेला, दुसऱ्या दिवशी परत त्याच विषयावर आला.

मोटारसायकल दोन वर्षांपूर्वी सोडली. कालव्याच्या कडेनं अंधारात चालवलेली गाडी, तिच्यात जीव गुंतलेला होता. डॉक्टरांनी सांगायच्या आधी सोडली, कारण वळणावर मला एकदा समोरच्याचा अंदाज उशिरा आला. नातवाला चावी दिली, वर्षभर त्याच्या मागं बसून फिरलो, आता बसत नाही.

पुढं सोडायचं आहे ते फॉर्मांचं काम. गावात सेवा केंद्र चालवणारी एक मुलगी आहे, पदवीधर, लग्नानंतर इथं आलेली. यंत्रावरचं माझ्यापेक्षा दहापट लवकर करते, चेहरा दाखवून हयातीची नोंद करायची नवी सोयही तिनंच मला दाखवली. तिला ठाऊक नाही ते कागदांमागचं. कुणाला कुठल्या साली जमीन गेली, कुणाचं नाव का बदललं, कुठली म्हातारी पोरासमोर खरं सांगणार नाही आणि तिला वेगळं बसवून विचारावं लागतं. हा नोव्हेंबर मी तिच्याशेजारी बसणार आहे. पुढच्या नोव्हेंबरात सही करून आलो की बायकोबरोबर कंधारला जायचं ठरलंय. मेव्हणीला तसं कळवलं आहे. तिच्या अंगणात मोठी चिंच आहे, हंगामात तिच्या चिंचा फोडायला माणसं कमी पडतात असं ती दर वर्षी म्हणते. ते काम मला जमेल.